गोव्याची गाय : नाव, वाण आणि जनुकीय खूण



साहित्यप्रेमींच्या सभेत पशुवैद्यकाला बोलायला उभे करणे हा कपिलाषष्ठीचा योगच म्हणायचा. आजचे माझे बोलणेही कपिलेबद्दलच आहे. डिचोली, सत्तरी आणि पेडणे या भागांतल्या गोठ्यांतून माझ्या नोकरीची वर्षे गेली. गायीची जात प्रयोगशाळेत कशी ओळखतात, हे मी आज सांगणार आहे. विषय रक्ताचा आणि रसायनांचा वाटेल, पण त्याची सुरुवात शब्दापासून होते आणि शेवटही शब्दापाशीच येऊन ठेपतो. म्हणून तो भाषेच्या व्यासपीठावर मांडावासा वाटला.

आपल्याकडच्या गायीला आपण वर्षानुवर्षे काय म्हणत आलो? गावठी. गोठ्यात तपासायला गेलो की घरधनीण म्हणायची, "ही गांवठी. हिका कांय जायना." त्यात थोडे कौतुक असायचे आणि थोडी बेफिकिरीही. सरकारी कागदावर या गावठीला आणखी कोरडा शब्द आहे. पशुगणनेच्या तक्त्यात मान्यताप्राप्त जातींखेरीज उरलेल्या सगळ्या देशी गायी 'अवर्णित' या सदरात जातात. अवर्णित म्हणजे जिचे वर्णन कोणी केलेले नाही अशी. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात १९.२५ कोटी गोवंश मोजला गेला. त्यातला १४.२१ कोटी देशी आणि अवर्णित होता, आणि आधीच्या गणनेपेक्षा तो सहा टक्क्यांनी घटला होता. त्याच काळात संकरित आणि विदेशी गायी सुमारे २७ टक्क्यांनी वाढल्या. घट झाली ती मुख्यत्वे ज्यांना नाव नाही अशा गायींत.

नाव नसण्याचे परिणाम गोठ्यापर्यंत पोचतात. जातीचे नाव नसेल तर तिच्या संवर्धनाची योजना नसते. योजना नसेल तर तिच्या वळूचे रेत साठवले जात नाही. मग गाय माजावर आली की कृत्रिम रेतनासाठी हाताशी असलेली कांडी जर्सीची किंवा होल्स्टिनची निघते. देशभरच्या संकरीकरणाच्या धोरणात गावठी वळू खच्ची करण्यालाही प्रोत्साहन होते. तीन-चार वेतांनंतर गोठ्यात मूळ गाय उरत नाही, आणि ती गेली हे कोणत्याही तक्त्यात दिसत नाही, कारण ती कधी स्वतंत्रपणे मोजलेलीच नव्हती.

गोव्याच्या बाबतीत या गोष्टीला सुदैवाने वेगळे वळण मिळाले. जुने गोवे येथील एला गावात भारतीय कृषी संशोधन परिषदेची केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी गोव्याच्या दोन्ही जिल्ह्यांतल्या पांढऱ्या गायींचा अभ्यास केला आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे तिची नोंदणी झाली. तिचे अधिकृत नाव 'श्वेता कपिला'. नाकाडापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी, पापण्यांचे केससुद्धा पांढरे, अंगाने लहान ते मध्यम, वशिंड बेताचे. दूध दिवसाला दोन-तीन लिटरच्या घरात, पण त्यातली स्निग्धता पाच टक्क्यांच्या वर. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात, सड्यावरच्या गवतावर आणि भाताच्या पेंढ्यावर निभावणारी ही गाय आहे. अळसुंद्यांची टरफले, फणसाच्या साली, घरातले पेजपाणी, यांवरही तिचे भागते.

तिच्या आधी आपल्या उत्तरेच्या अंगाला 'कोकण कपिला' ही जात नोंदली गेली होती. तिच्यात तांबूस, काळा, करडा असे अनेक रंग आढळतात, आणि तिचा प्रदेश महाराष्ट्राचे कोकण आणि गोवा असा मांडलेला आहे. म्हणजे तेरेखोल नदीच्या अल्याड-पल्याड आज दोन कपिला आहेत. इथे भाषेच्या अभ्यासकाने कान टवकारायला हवेत. संस्कृतात कपिल म्हणजे तांबूस-पिंगट रंग. त्या अर्थाने 'श्वेता कपिला' म्हणजे पांढरी पिंगट, हे शब्दकोशाला न पटणारे नाव. पण लोकांच्या तोंडी कपिला हा शब्द रंगापुरता राहिलेला नाही. तो पूज्य, घरच्या, देवाला चालणाऱ्या गायीचा शब्द झाला आहे. म्हणून पांढऱ्या गायीला कपिला म्हणताना कोणी अडखळत नाही. शास्त्रज्ञांनी जातीला नाव देताना लोकांचा शब्द उचलला, आणि शब्दकोशाऐवजी वापराचा कौल घेतला.

आता अडचणीचा प्रश्न. पेडण्याच्या एखाद्या गोठ्यात तांबूस गायीला पांढरे वासरू झाले, तर ते कोणत्या कपिलेचे? अंगाचा रंग मोजक्या जनुकांवर ठरतो. रंग सारखा असून कुळे वेगळी असू शकतात, आणि कूळ एक असून रंग वेगळे असू शकतात. डोळ्यांनी निवाडा होत नाही, तिथे जनुकीय खुणा कामाला येतात.

जनुकीय खूण म्हणजे काय, ते सोपे करून सांगतो. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए असतो. त्याची लिपी फक्त चार अक्षरांची, ए, टी, जी आणि सी. गायीत गुणसूत्रांच्या तीस जोड्या असतात आणि त्यांवर ही चार अक्षरे सुमारे पावणेतीन अब्ज वेळा ओळीने मांडलेली असतात. या मजकुरात काही जागी दोन अक्षरे जोडीने पुन्हा पुन्हा येतात, सीए, सीए, सीए, असे. एका गायीत एखाद्या जागी ही जोडी बारा वेळा येईल, दुसरीत पंधरा वेळा. प्रत्येक जनावराला अशा जागेची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून मिळते. ही आवर्तने मोजता येतात, म्हणून ती जागा खूण म्हणून वापरतात. अशा खुणांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने गायीगुरांसाठी अशा तीस खुणांची शिफारस केली आहे, म्हणजे एका देशातला अभ्यास दुसऱ्या देशातल्या अभ्यासाशी ताडून पाहता येतो. त्यांच्या नावांत त्या शोधणाऱ्या प्रयोगशाळा दडलेल्या आहेत. 'ईटीएच' हे झुरिकच्या तंत्रविद्यापीठाचे नाव, 'इनरा' हे फ्रान्सच्या कृषी संशोधन संस्थेचे.

दुसऱ्या प्रकारची खूण एकाच अक्षराची असते. एका जागी बहुतेक गायींत ए असेल, तर काहींत जी. अशा हजारो जागा एका लहानशा चकतीवर एकाच वेळी तपासता येतात. सुरुवातीच्या चकत्या मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या जाती समोर ठेवून केलेल्या होत्या, त्यामुळे आपल्या वशिंडाच्या गायींतले अनेक बारकावे त्यांच्या जाळ्यात सापडत नसत. २०२१ साली हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेने 'इंडिगौ' ही भारतीय गायींसाठीची चकती तयार केली. तिच्यावर ११,४९६ खुणा आहेत. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम इथल्या कार्यक्रमात गायींसाठीच्या एकीकृत जीनोमिक चिपचे लोकार्पण झाले.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. 'श्वेता कपिलेचे जनुक' असे काही एकच एक जनुक नाही. कोणत्याही जातीचे नसते. तुमच्या अनुभवातले उदाहरण देतो. बोलणारा माणूस पेडण्याचा की काणकोणचा, हे एका शब्दावरून सांगता येत नाही. तो शब्द दोन्हीकडे असू शकतो. पण दहा-वीस शब्द, दोन-चार क्रियापदे आणि बोलण्याचा हेल कानावर पडला की तुम्ही अंदाज बांधता आणि तो बहुधा खरा ठरतो. जनुकीय खुणांचे असेच आहे. बाराचे आवर्तन एका जातीत साठ गायींपैकी चाळीसांत आणि दुसऱ्या जातीत साठांपैकी दहांत सापडावे, अशा तऱ्हेचा फरक असतो. एकटी खूण काही सिद्ध करत नाही. तीस खुणा किंवा दहा हजार अक्षरे एकत्र घेतली की हे जनावर कोणत्या गटाच्या अधिक जवळ आहे, हे संभाव्यतेच्या भाषेत सांगता येते.

याखेरीज दोन खास खुणा आहेत. पेशीतल्या तंतुकणिकांचा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे त्यावरून माहेरची ओळ शोधता येते. वाय गुणसूत्र बापाकडून खोंडाला मिळते, त्यावरून बापाची ओळ कळते. युरोपीय कुळातल्या बैलाचे वाय गुणसूत्र आणि आपल्या वशिंडाच्या बैलाचे वाय गुणसूत्र यांचा आकारच वेगळा असतो. आपल्याकडच्यात गुणसूत्रबिंदू टोकाजवळ असतो, युरोपीयात तो आत सरकलेला असतो. दिसायला पांढरा, देखणा, अस्सल वाटणारा वळू एखाद्या गोठ्यात असेल, पण चार पिढ्यांपूर्वीचा त्याचा पूर्वज जर्सी असेल आणि वंश वळूंच्या ओळीने उतरला असेल, तर वाय गुणसूत्र ते सांगून टाकते. जातीच्या संवर्धनासाठी वळू निवडताना ही तपासणी फार मोलाची आहे.

ब्राझीलचे उदाहरण बघा. गोव्याप्रमाणे तिथेही पोर्तुगीज होते, म्हणून ते आपल्याला अगदीच परके नाही. एकोणिसाव्या शतकापासून १९६२ पर्यंत भारतातून तिथे गुरे गेली. आंध्रची ओंगोल तिथे 'नेलोर' झाली, गुजरातची कांकरेज 'गुझेरा' झाली, गीर मात्र गीरच राहिली. आज ब्राझीलमधले पांढरे, उंच वशिंडाचे नेलोर पाहिले तर आपण त्यांना भारतीयच म्हणू. पण त्यांतल्या अनेकांच्या तंतुकणिकांतला डीएनए युरोपीय कुळाचा निघाला. कारण उघड आहे. भारतातून गेले ते मुख्यतः वळू, आणि ते लागले तिथे आधीपासून असलेल्या युरोपीय वंशाच्या गायींना. पिढ्यान्‌पिढ्या तसेच वळू वापरत गेल्यावर रूप बदलले, पण माहेरची ओळ आत तशीच राहिली. रूप, नाव आणि रक्त या तिन्ही साक्षी वेगवेगळे बोलू शकतात, हे या गुरांनी दाखवून दिले.

आता या खुणांच्या मर्यादा. बाजारात 'ए-टू दूध' या नावाने जे विकले जाते, त्यामागेही एक जनुकीय खूण आहे. दुधातल्या बीटा-केसिन या प्रथिनातल्या सदुसष्टाव्या जागेवर कोणते अमिनो आम्ल आहे, एवढेच ती सांगते. आपल्या देशी गायींत ए-टू प्रकार मोठ्या प्रमाणात आढळतो हे खरे, पण तो युरोपीय गायींतही असतो. म्हणून ए-टूची चाचणी म्हणजे गाय देशी असल्याचा दाखला नव्हे.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. प्रयोगशाळेत येणारे नमुने कोणी निवडायचे? एका जातीच्या अभ्यासाला साधारण चाळीस-पन्नास जनावरांचे रक्त घेतात. ती एकमेकांच्या नात्यातली असू नयेत, नाही तर सगळे गणित एका घराण्याचे होते. मग गोठ्यात उभे राहून विचारावे लागते, ही कोणाची पाडी? हिची आई कुठून आणली? वळू कोणाचा होता? गोव्यातल्या गावठी गायींची वंशावळ कोणत्याही वहीत लिहिलेली नाही. ती राखण्याच्या आणि घरधनिणीच्या स्मरणात आहे. 'ही तांबडी गायीची तिसऱ्या वेताची कालवड, देवाला सोडलेल्या पोळाची', असे जो सांगतो, तोच त्या जातीचा पहिला अभ्यासक. त्याने गट दाखवला नाही, तर यंत्राला कशाची कशाशी तुलना करायची हेच कळणार नाही.

केरळची वेचूर गाय याची साक्ष आहे. ही चिमुकली गाय जवळजवळ दिसेनाशी झाली होती. १९८९ च्या सुमारास केरळ कृषी विद्यापीठातल्या प्राध्यापक सोसम्मा आयप आणि त्यांचे विद्यार्थी तिचा शोध घेत गावोगाव फिरले आणि त्यांनी उरलेल्या गायी गोळा करून कळप उभा केला. डॉ. आयप यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. त्या विद्यार्थ्यांच्या हाती शोधासाठी होते ते मुख्यतः एक नाव आणि लोकांच्या आठवणी. वेचूर हे एका गावाचे नाव. गाय दिसेनाशी झाली तरी नाव बोलण्यात टिकले होते, म्हणून ती सापडली.

आता एका शब्दाविषयी बोलतो, कारण तो टाळून पुढे जाणे बरे नाही. मी आतापर्यंत 'जात' हा शब्द वापरत आलो. मराठीत गायीचीही जात आणि माणसाचीही जात. एकाच शब्दामुळे मनात गोंधळ होतो, आणि जनुकीय चाचणीचे नाव निघाले की तो वाढतो. गायीची जात म्हणजे माणसाने आपल्या गरजेप्रमाणे वळू आणि गाय निवडून, कोणाची जोडी कोणाशी लावायची हे स्वतः ठरवून घडवलेली गोष्ट. तिथेही जनुकीय अभ्यास असेच सांगतो की विविधतेचा मोठा भाग एकाच जातीच्या आत असतो, दोन जातींमधला फरक त्यामानाने थोडा. गायीच्या बाबतीतही 'शुद्ध रक्त' ही कल्पना एवढी डळमळीत असेल, तर ती माणसांना लावणे हे विज्ञान नव्हे. वर्गात हा विषय शिकवताना शिक्षकांनी हे स्पष्ट सांगावे, अशी माझी विनंती आहे.

जुन्या मराठीत यासाठी 'वाण' हा चांगला शब्द होता. "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला", ही म्हण आपण माणसांच्या संगतीबद्दल वापरतो, पण ती जन्मली गोठ्यात. वाण म्हणजे रंग आणि वाण म्हणजे बियाण्याचा किंवा जनावराचा प्रकार. शेजारी बांधून वाण लागत नाही, ते वंशाने येते, आणि गुण मात्र सहवासाने येऊ शकतात, एवढा बारीक भेद ज्या समाजाने म्हणीत साठवला, त्याला आनुवंशिकता अगदीच अनोळखी नव्हती. पाठ्यपुस्तकात गायीच्या बाबतीत 'वाण' हा शब्द रुजला तर बराच गोंधळ टळेल.

शब्दांचा हा साठा गायीसारखाच ओसरत आहे. नांगरणीला पॉवर टिलर आला तसे जोत गेले, आणि जोताबरोबर बैलाच्या चालीचे, शिंगांचे, खुरांचे शब्द गेले. सडे आणि कुरणे खाणींत गेली, तिथे राखणे उरले नाहीत. ढवळी, तांबडी, बांडी, चांदी ही नावे हाक मारण्यापुरती नव्हती. कपाळावर पांढरा ठिपका कोणाला, अंगावर ठिगळे कोणाला, हे त्यांत नोंदलेले होते. गाभण, भाकड, पहिलटकरीण, मुका माज, हे शब्द आजच्या विद्यार्थ्यांना सांगावे लागतात. शब्द विसरला की तो गुण पाहणारा डोळाही मिटतो. मग ज्या गोठ्यातून रक्ताचा नमुना घ्यायचा, तिथे विचारायला कोणी नसते.

म्हणून तुमच्याकडे मागणे आहे. प्रयोगशाळेचे काम प्रयोगशाळा करील. गोठ्यातले काम भाषेच्या माणसांनी करावे. प्रत्येक शाळेने आपल्या गावापुरती एक वही करावी. गोरवांच्या पाडव्याला गुरांना माळा घालतात, पोळे खाऊ घालतात, तेव्हा विद्यार्थ्यांनी घराघरांत जाऊन विचारावे. गायीचे नाव काय, ते का पडले, तिची आई कोण, वळू कोणता, ती दूध किती देते, कोणत्या पानापाल्याला तोंड लावत नाही, पावसात कशी राहते. उत्तर ज्या बोलीत मिळेल त्याच बोलीत लिहावे, प्रमाण मराठी करण्याच्या नादात शब्द घासून पुसू नये. तारीख, वाडा आणि सांगणाऱ्याचे वय लिहावे, आणि त्याची परवानगी घ्यावी. लेखकांनी या वह्या वाचाव्यात. शिक्षकांनी जीवशास्त्र आणि मराठी या दोन तासांच्या मधली भिंत या निमित्ताने थोडी उतरवावी.

अशी वही तयार झाली तर ती पशुवैद्यकाच्या उपयोगाची ठरेल. कोणत्या वाड्यावर जुन्या ओळीच्या गायी आहेत, कोणता वळू राखण्याजोगा आहे, नमुने कुठून घ्यावेत, हे तीतून कळेल. श्वेता कपिला आज 'अवर्णित' या सदरातून बाहेर पडली आहे, पण नोंदणी झाली म्हणजे गाय वाचली असे होत नाही. गोठ्यात ती बांधलेली असेल, तिला पाडी होईल, आणि ती पाडी कोणाची हे सांगणारे कोणी घरात असेल, तोवरच ते नाव खरे.